सुरुवातीचे सोवळे

"मूड लागत नाही" असे लेखक म्हणाला की त्याच्याभोवती आदराचे वलय उभे राहते, आणि तेच मांडवात गाणी वाजवणारा पोर म्हणाला की लोक हसतात. मला दोन्ही मान्य नाही. लेखकाच्या त्या वाक्याचा आदर करण्याचे कारण नाही, तसे पोराला हसण्याचेही नाही. रोग एकच आहे, आणि तो आम्ही साहित्यिकांनीच पोसला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रसंग सांगतो. गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. लांज्यात आणि आसपासच्या वाड्यांवर हळदीला, गणपतीला, शिमग्याला तो गाणी वाजवतो. डीजे म्हणतात त्याला. बगलेत लॅपटॉप, चेहरा नापास झाल्यासारखा. विसर्जनासाठी गाण्यांना गाणे जोडत तासाभराचे नवे मिक्स बांधून देण्याचे त्याने कबूल केले होते, आगाऊ पैसे घेऊन खर्चही केले होते. चाकरमानी यायला दहा दिवस उरले होते, आणि हातून एक मिनिटही धड झाले नव्हते. "सर, सुरुवातच सुचत नाय. वीस वेळा केली नि वीस वेळा पुसली." मी धीराचे चार शब्द बोलणार, तोच तो म्हणाला, "तुम्हीच सांगायचात ना, सुरुवात आकर्षक नसली तर पुढचं कोण वाचत नाय!"

मी गप्प झालो. खरोखरच मी हे सांगितले होते. वीस वर्षे वर्गावर सांगत आलो आहे. निबंधाचा आरंभ सुभाषिताने करा, पहिल्या वाक्याने परीक्षकाला पकडा! परिणाम असा की निम्मा वर्ग पहिल्या ओळीवर पेन चावत बसतो आणि घंटा होते. मुलांचे कशाला, माझ्याच टेबलाच्या खणात एका कादंबरीची तीन वर्षांत लिहिलेली पाने पडून आहेत. सगळी पहिलीच.

हे सुरुवातीचे सोवळे आले कुठून? स्फूर्ती नावाच्या देवीच्या देव्हाऱ्यातून. ती प्रसन्न होईल तेव्हाच लेखणी उचलायची, आणि पहिले वाक्य तिनेच कानात सांगायचे, असा हा पंथ आहे. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांवर माझे फारसे प्रेम नाही. परंतु लेखनाला तंत्र असते आणि ते शिकता येते, हे त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून 1931 सालीच ठणकावले होते. आमच्या पंथाने त्यांना तंत्रवादी म्हणून हिणवले आणि पुन्हा देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसणे पसंत केले.

माझ्या जिल्ह्यातल्या अडाणी समजल्या गेलेल्या शाहिरांनी मात्र हा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. आमच्याकडची जाखडी पाहा. एका पायात घुंगरू बांधून पोरे गोल धरतात, मध्ये शाहीर आणि ढोलकी. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले, बारी कितीही अटीतटीची असली, तरी आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. आमच्या नमनातही गण आधी. बारीला उभा राहिलेला शाहीर 'सुरुवात काय करू' म्हणून कधी अडला आहे काय? जागा ठरलेली, देव ठरलेला. शब्द तेवढे आपले.

यावर आक्षेप येतो की ठरीव सुरुवात म्हणजे साचा. उलटा न्याय आहे हा! गणाची जागा तीच असते, पण चांगला शाहीर नव्या वर्षी नवा गण बांधतो आणि जाणकार तिथेच त्याची कुवत ओळखतात. जिथे सारे काही निवडता येते तिथे माणूस निवडतच नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रात हजारो गाणी होती. त्याच्या आज्याजवळ एक ढोलकी होती आणि तो पहाटेपर्यंत थांबत नसे.

आता काही शुद्धतावादी विचारतील, दुसऱ्यांची गाणी जोडणाऱ्याला कसली आली आहे प्रतिभा? मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, सौंदर्यशास्त्र मला येत नाही. पण अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले ते प्रचलित चालींवर पदे बसवूनच, आणि 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी आधीच्या ठुमऱ्या-बंदिशींच्या चाली खाडिलकरांच्या पदांना दिल्या, एवढे मला ठाऊक आहे. ती निर्मिती आणि ही उचलेगिरी? यंत्रांच्या दणक्याने म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते, हे मी नाकारत नाही. रात्री दहानंतर ती बंदच हवीत, कायदाही तेच सांगतो. पण आवाज मोठा म्हणून रचना हलकी, हे कोणी ठरवले?

ज्या कलेचा हा पोर नोकर आहे, तिचा एक उगमही मी त्याला सांगितला. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाचा, जमैकात जन्मलेला तरुण आपल्या बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवत होता. नाचणारे गाण्यातल्या एका जागेची वाट पाहतात हे त्याने हेरले होते. गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो ती जागा. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो ती जागा लांबवू लागला. स्फूर्तीची वाट पाहत तो बसला नव्हता. तो लोकांचे पाय पाहत होता, आणि त्याने हात घातला तो गाण्याच्या पोटात.

"तुला खात्रीचा एक तरी सांधा ठाऊक आहे का?" मी विचारले. "कुठले गाणे कुठल्या गाण्यात शिरले की माणसे हमखास उठतात?" तो लगेच म्हणाला, "हां, तो हाय!" मग पहिल्या मिनिटाला हात लावायचा नाही असे मी त्याला बजावले. हजारांतली बाराच गाणी बाहेर काढायला लावली, बाकीची त्या रात्रीपुरती बंद. मिनिटाला ठोके किती ते एकदा ठरवून टाकले. यंत्राचा ठोका चारचा, आपला केरवा आठ मात्रांचा. दोन फेऱ्यांत एक आवर्तन बसते, हे त्याचे त्यालाच ढोलकीमुळे माहीत होते. तो एक सांधा त्याने माझ्या ओटीवर बसून जुळवला, मग त्याच्या पुढचा, मग मागचा. पुसायचे काहीही नाही, अशी अट होती. दोन सांधे वाईट झाले. राहू दिले. माझी बायको आतून म्हणाली, अहो, शेजारी पोर झोपलंय. तेव्हा नऊ वाजले होते आणि अठरा मिनिटे तयार होती.

सुरुवात त्याने सर्वात शेवटी, गणपतीच्या आदल्या दिवशी केली. वाडीतल्या म्हाताऱ्या शाहिराकडे जाऊन त्याने मोबाईलवर गण उतरवून आणला. आवाज थकलेला, मध्येच खोकला. तो खोकला काढून टाकू का, असे विचारायला तो आला होता. मी म्हटले, ठेव.

माझ्या कादंबरीचे सातवे प्रकरण सध्या चालू आहे. आधीची सहा नाहीत.