पाण्यातलं विष, घरट्यातली उपासमार

पाखरं कमी झाली की आपण मोबाइल टॉवरकडे बोट दाखवून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, मला वाटतं, ओढ्याच्या पाण्याकडेही बघायला हवं.

इमिडाक्लोप्रिड हे औषध शेतकरी घरांत नवं नाही. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी ते फवारतात, बियाण्यालाही चोळतात. ते पाण्यात विरघळतं आणि पावसाबरोबर ओढ्या-नाल्यांत उतरतं.

याचा पाखरांशी संबंध काय, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तपासलं. पाण्याची आणि पक्ष्यांची आकडेवारी ताडून पाहिलेला त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जिथे लिटरमागे २० नॅनोग्रॅमहून जास्त औषध होतं, तिथे कीटक खाणारे पक्षी वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होते. म्हणजे दहा वर्षांत शंभराचे सत्तर! आणि २० नॅनोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर, त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम.

एवढ्याशाने पक्षी थेट मरत नाही. संशोधकांना संशय आहे तो उपासमारीचा. पाण्यातल्या अळ्याच मेल्या, तर पिल्लांना भरवायचं काय? दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. लेकराच्या तोंडचा घास जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात हे औषध वापरायला बंदी केली. आपल्याकडे ते विकलं जातं. तेव्हा निदान एवढं तरी करू या. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ नको, फवारलेल्या शेतातच जाऊ दे. घरच्या कारभाऱ्यांनाही बजावून सांगा.