भुताच्या वाड्यात एकच दिवा लावा

टेबलावर भुताचा वाडा बांधून झाला की पहिला मोह कुठला होतो? दिवे लावायचा. दारात हिरवा, खिडकीत लाल, विहिरीत निळा. झालं, वाड्याचा मांडव झाला! माझं सरळ म्हणणं आहे, दिवा एकच लावा आणि तोही लपवून.

हे ज्यांच्या डोक्यावरून गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप वॉरगेम म्हणजे टेबलावरची लढाई. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि खाली आपण बांधलेली रणभूमी. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्येच 'लिटिल वॉर्स' हे अशा खेळाचं पुस्तक लिहिलं होतं. १९९९ मध्ये गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 'मॉर्डहाइम' आणला. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेलं शहर आणि त्यात एकमेकांवर तुटून पडणाऱ्या टोळ्या. प्रत्येक बाजूला सैनिक मूठभरच, त्यामुळे खरी मजा पडक्या घरांत. लोक ती घरं अजून बांधतायत.

आपल्याकडे गाडी अडते ती किमतीवर. इंपोर्टेड सैनिकांचा एक बॉक्स म्हणजे पॉकेटमनीचा खुर्दा. मग पोरं म्हणतात, 'हे आपलं काम नाही.' मला हे पटत नाही. सैनिक विकत घ्यावे लागतात, भीती नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरलेत ना? मग अर्धं काम तुम्हाला येतंच. कुरिअरच्या खोक्याच्या भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती, नारळाच्या शेंडीचं सुकलेलं गवत. थर्माकोल वापरलात तर त्यावर थेट स्प्रे पेंट मारू नका, तो विरघळतो. आधी फेव्हिकॉल मिसळलेल्या रंगाचा हात द्या.

आता दिव्याचं. सैनिक साधारण २८ मिलीमीटरचा. तुमचा छोटासा, ३ मिलीमीटरचा एलईडी त्याच्या जवळजवळ डोक्याएवढा. असा गोळा खिडकीत दिसला की वाडा खोटा पडतो. म्हणून एलईडी दिसता कामा नये, दिसावा फक्त उजेड. तो खोलीच्या आत, भिंतीआड चिकटवा, खिडकीला मागून बटर पेपर लावा. भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर पातळ थर्माकोल स्वतःच कंदिलासारखा उजळतो. रंग पिवळसर घ्या. पांढरा एलईडी लावला की भुताच्या घरी ट्यूबलाइट बसवल्यासारखं वाटतं!

सगळ्यात सोपं म्हणजे दिवाळीनंतर घरात पडून असलेली बॅटरीवरची पणती. बटण, सेल, थरथरणारी ज्योत, सगळं आयतं. (सेल मात्र घरातल्या लहानग्यांपासून लांब ठेवा. पोटात गेला तर प्रकरण गंभीर होतं.)

मग इतके दिवे लावतो कोण आणि का? माझा संशय मोबाइलवर आहे. आपण वाडा कॅमेऱ्यासाठी बांधतो. कॅमेरा अंधार उजळून टाकतो, म्हणून आपण आणखी दिवे ठोकतो. पण खेळायला बसलेले चार मित्र रील बघत नसतात. खोलीतला मोठा दिवा घालवलाय, टेबललॅम्प भिंतीकडे वळवलाय आणि समोर अकरा खिडक्यांपैकी एकीतच काहीतरी हलतंय. सगळ्यांची नजर तिथेच जाणार. बाकी दहा खिडक्या काळ्या. तुमचा धनुर्धारी त्यातल्या कुठल्या खिडकीमागे उभा करायचा, हे आता तुम्हीच ठरवा.

फक्त छप्पर चिकटवून टाकू नका. सेल बदलायला हात आत जायला हवा आणि वरच्या मजल्यावर मेलेला सैनिकही बाहेर काढावा लागतोच.