आधी दिवा बघा!

"राऊटर एकदा बंद करून चालू करा." या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. कस्टमर केअरला फोन लावा, हेच. सोसायटीतल्या 'कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या' मुलाला विचारा, हेच. आमच्या हापिसातल्या सपोर्टवाल्यांचा तर तो बीजमंत्रच आहे. समोरच्याने काय बिघडलंय हे सांगायला तोंड उघडायच्या आत मंत्र म्हणून मोकळे!

आता मीही सॉफ्टवेअरवरच पोट भरतो, तेव्हा रीस्टार्टने काय होतं हे मला ठाऊक आहे. राऊटरच्या इवल्याशा मेमरीत साचलेलं जातं, अडकलेली एखादी प्रोसेस सुटते, आयपी पत्त्यांचं वाटप नव्याने होतं. कधीकधी खरंच गुण येतो, नाही असं नाही. पण वायर तुटलेली असेल तर राऊटर बंद-चालू करणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाची मीठ-मोहरीने दृष्ट काढण्यासारखं आहे. शिवाय त्यात पुरावाही पुसला जातो. चालू झालंच तर का चालू झालं ते कळत नाही, आणि परत बंद पडलं की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

वायफायचं एक वेळ समजू शकतो. हवेतल्या लहरी कुठे अडल्या हे डोळ्यांना दिसत नाही. पण डेस्कटॉपपासून राऊटरपर्यंत गेलेली लॅन केबल? दोन टोकं, मध्ये एक वायर. घरातल्या सगळ्या डिजिटल भानगडींमध्ये ही एकच गोष्ट अशी आहे की जिचा बिघाड नेमका कुठे आहे हे कुठलंही शिक्षण नसलेला माणूस टेबलाखाली वाकून शोधू शकतो. आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

हे सोपेपण आपोआप आलेलं नाही बरं का. इथरनेटचा जन्म १९७३चा, अमेरिकेत झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतला. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही त्यातली ठळक नावं. तेव्हा सगळी मशीन्स एकाच जाड कोअॅक्सियल केबलला लटकलेली असायची. पुढे ती केबल बारीक झाली, पण तत्त्व तेच. जुन्या कॉलेज लॅबमध्ये ज्यांनी दिवस काढलेत त्यांना आठवत असेल, कुणाच्या तरी पायाने एक टी-कनेक्टर ढिला व्हायचा आणि अख्खी लॅब आडवी! मग एकेका मशीनमागे वाकून तपासत बसा. १९९०मध्ये १०-बेस-टी हे स्टँडर्ड आलं आणि प्रत्येक मशीनला स्वतःची स्वतंत्र वायर मिळाली. एकाची वायर गेली तर त्याचीच गेली, शेजारी मजेत. त्याबरोबरच आली एक छोटीशी सोय. दोन्ही टोकं, काही बोलायचं नसतानाही, साधारण दर १६ मिलिसेकंदाला एकमेकांना एक टिचकी मारतात, 'आहेस ना?' म्हणून. टिचकी येत असेल तर पोर्टवरचा दिवा लागतो. आज टिचक्यांचं स्वरूप बदललंय, पण दिवा तोच आहे.

म्हणजे बघा, बिघाड कुठल्या तुकड्यात आहे हे कळावं म्हणून लोकांनी डोकं लावून ही रचना केली, आणि आपण तो दिवा न बघता मेन स्विचकडे धावतो.

तर डेस्कटॉपवर नेट नाही. पहिला प्रश्न: त्याच राऊटरच्या वायफायवर मोबाईलचं नेट चालू आहे का? (मोबाईल डेटा बंद करून बघा, नाहीतर फोन गुपचूप स्वतःचं नेट वापरतो आणि आपण फसतो.) चालू असेल तर राऊटर आणि बाहेरून येणारी लाईन दोन्ही शाबूत. कस्टमर केअरला फोन करण्यात काहीच अर्थ नाही, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग डेस्कटॉपच्या मागचा दिवा. त्याचा रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्याच्या नादी लागू नका. लागलाय की नाही एवढंच बघा. मुळीच लागत नसेल तर केबल, पोर्ट किंवा विंडोजमध्ये कुणीतरी बंद करून ठेवलेलं नेटवर्क कार्ड, या तिघांपैकी कुणीतरी. तिथे ब्राउझर, डीएनएस, अँटीव्हायरस यांचा काहीएक संबंध नाही. दिवा लागलाय आणि तरी नेट नाही, तर केबल बहुधा ठीक, गोष्ट वरच्या मजल्यावर गेली. आयपी पत्ता बघायचा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याचा अर्थ, मशीनने 'मला पत्ता द्या हो' अशी हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक पत्ता घेतला.

एवढं ज्ञान दोन मिनिटांत येतं. एरवी माणूस नेटवर्क रीसेट, ड्रायव्हर काढा-घाला, विंडोज परत टाका अशा चढत्या क्रमाने उतारे करत राहतो. आणि खिशाला चाट बसते ती वेगळीच.

चाट म्हणजे काय, तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं उदाहरण देतो. काकू घरबसल्या तीन दुकानांचे हिशेब लिहितात. टॅली, जीएसटी, सगळं. डेस्कटॉप आतल्या खोलीत, राऊटर हॉलमध्ये, मध्ये दोन जाड भिंती, म्हणून पहिल्यापासून केबलच टाकलेली. गेल्या दिवाळीनंतर नेट बंद पडलं. दुकानांचं जीएसटीआर-३बी २० तारखेच्या आत भरायचं असतं. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, व्याज वेगळं, आणि मुख्य म्हणजे दुकानदाराची बोलणी. लेट फी शेवटी काकूंच्याच मानधनातून जायची. मोबाईलचं नेट देऊन बघितलं, तर फोन खिडकीत ठेवला की चालतो आणि उचलला की जातो. पोर्टल मध्येच लॉगआउट करतं. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने स्वतःचा लॅपटॉप त्याच केबलला लावला, नेट सुरू! "बघा काकू, केबल चांगली आहे. तुमचा लॅन पोर्ट गेला. मदरबोर्ड बदलावा लागेल." साडेसहा हजार.

मान्य करायला हवं, त्याचा तर्क ऐकायला बिनतोड आहे. केबल तीच, लॅपटॉप चालतो, डेस्कटॉप चालत नाही, म्हणजे दोष डेस्कटॉपचा. मी गेलो तेव्हा १८ तारीख होती. "अरे बघ ना रे जरा, एवढे पैसे घालायचे का या डबड्यात?" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, थांबा, तुम्ही त्याला अजून हो म्हणू नका." आणि टेबलाखाली वाकलो. दिवा लागत होता, तीन-चार सेकंद टिकत होता, विझत होता, परत लागत होता. मेलेला पोर्ट असा वागत नाही. माझा लॅपटॉप लावला, नेट आलं, पण लिंक स्पीड बघितला तर १०० एमबीपीएस. राऊटर गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट, मग मधलं १०० कुठून आलं?

इथे थोडं खोलात जातो, कारण खरी गंमत इथेच आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, पीळ दिलेल्या चार जोड्या. १००च्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. १९९९च्या गिगाबिट स्टँडर्डला मात्र चारही लागतात. पण किती वेगाने बोलायचं हे ठरवायची बोलणी होतात ती फक्त त्या पहिल्या दोन जोड्यांवर! म्हणजे लग्नाच्या बैठकीत दोघांनी घरातल्या चौघांच्या वतीने शब्द देऊन टाकायचा. बोलणी होतात, दोन्हीकडे गिगाबिट ठरतं, कामाला सुरुवात करायला जावं तर चौथा गायब. शहाणं नेटवर्क कार्ड दोन-चार प्रयत्नांनंतर समजून घेतं आणि आपण होऊन १००वर उतरतं. काही कार्डांना हे शहाणपण नसतं. ती बिचारी परत बोलणी करतात, परत फसतात, परत बोलणी. दिवा लागतो, विझतो, लागतो. दोन्ही लॅपटॉप शहाणे होते, काकूंचा डेस्कटॉप हट्टी होता. दोष केबलचाच.

उलटी तपासणी केली असती तर हे त्याच्याही लक्षात आलं असतं. केबल तीच ठेवून मशीन बदललं, ठीक. आता मशीन तेच ठेवून केबल बदला! मी राऊटरच्या खोक्यातली हातभर केबल काढली, डेस्कटॉप उचलून हॉलमध्ये नेला, जोडला. दिवा लागला तो लागलाच. साडेसहा हजारांचा मदरबोर्ड ठणठणीत.

त्या रात्रीपुरतं डेस्कटॉप परत आत नेऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा वेग १०० फुल ड्युप्लेक्स असा बांधून दिला, त्याच जखमी केबलवर. हा कायमचा उपाय नाही हं. असा वेग बांधला की काही कार्डं बोलणीच बंद करतात, मग समोरचं टोक हाफ ड्युप्लेक्स धरून चालतं आणि वेगाचा पार चुथडा होतो. पण रिटर्न भरायला पुरलं. १९ तारखेला तिन्ही दुकानांचं काम झालं. रविवारी कपाट सरकवून बघितलं तर केबल कपाटाच्या पायाखाली चपटी झालेली. दिवाळीची साफसफाई, दुसरं काय! कापून बघितली तर आत तांबं नव्हतंच, वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. बाजारात स्वस्त केबल म्हणून सर्रास हेच गळ्यात मारतात. दुमडलं की तुटतं.

गिगाबिटवरून १००वर उतरलेल्या अशा केबली किती घरांत बिनबोभाट चालू असतील! २०० किंवा ३००चा प्लॅन घेतलाय आणि वायरवर स्पीड टेस्ट केली की दरवेळी ९४च्या आसपास आकडा येतोय, तर कंपनीशी भांडायच्या आधी लिंक स्पीड बघा. १००च्या लिंकवर, इकडची तिकडची ओझी वजा जाता, हातात तेवढंच पडतं. (राऊटरचे पोर्टच १००चे असतील तर मात्र केबलला दोष देऊ नका.)

आपल्याकडचा आणखी एक खास प्रकार म्हणजे जुन्या केबलवाल्याचं भूत. २०००च्या दशकात गच्चीवरून वायर ओढून नेट देणारे लोक कॉम्प्युटरमध्ये आयपी पत्ता हाताने टाकून जायचे. तोच पत्ता आजही कित्येक डेस्कटॉपमध्ये तसाच असतो. नवा फायबरवाला येतो, त्याच्या राऊटरचं घराणं १९२.१६८.२९चं, मशीनचा पत्ता १९२.१६८.१चा. दिवा छान लागलेला, केबल उत्तम, आणि दोघांची बोलीभाषाच वेगळी. सेटिंगमध्ये 'आपोआप घ्या' एवढं केलं की संपलं.

आणि हो, बंद-चालू करायचंच असेल तर निदान नीट करा. डेस्कटॉप शटडाऊन केला तरी नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळतच असते, म्हणून तर बंद मशीनच्या मागे दिवा लुकलुकताना दिसतो. कार्डच अडकलं असेल तर रीस्टार्टने ते हलत नाही. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबावं लागतं. हे मात्र फोनवर कुणी सांगत नाही.

त्या दुरुस्तीवाल्यावर माझा राग नाही. एका घरी अर्धा तास घालवून 'केबल बदला' म्हणाला तर त्याला दोनशे रुपये द्यायला आपण कुरकुरतो, मदरबोर्डला मात्र मुकाट्याने पैसे मोजतो. शोधण्याचे पैसे आपण देत नाही, वस्तूचे देतो. मग तो वस्तूच विकणार. काकूंना मी सांगितलंय, पुढच्या वेळी कुणीही काहीही बदला म्हणालं तर एवढंच विचारायचं, "दुसऱ्या केबलवर लावून दाखवलंत का?" परवा त्यांनी हा प्रश्न टीव्हीवाल्याला विचारला म्हणे :) तो सेट-टॉप बॉक्स बदलायला आला होता. एचडीएमआय केबल बदलून परत गेला.