षष्ठीवर परचक्र

शिरूरहून दौंडास जाण्याला दुसरी वाट जवळची आहे. तरी मी बहुधा न्हावरें, पारगांव, केडगांव, चौफुला अशी लांबची वाट धरितों. मला पाट्या वाचण्याचें व्यसन आहे, आणि या वाटेवर पाट्यांना तोटा नाहीं. परवां एस्टीच्या खिडकींतून तीन पाट्या लागोपाठ दिसल्या. नांवें मी मुद्दाम बदलून देत आहें, कारण माझें भांडण त्या दुकानदारांशीं नाहीं. पहिलीवर 'मामा'ज मिसळ', दुसरीवर 'आई'ज किचन', तिसरीवर 'पाटील्स मळा'. अक्षरें देवनागरी, मालक मराठी, गिऱ्हाईक मराठी, आणि मिसळीइतका मराठी पदार्थ तर दुसरा दाखवितां यावयाचा नाहीं. परका होता तो एवढासा प्रत्यय, आणि त्याच्या माथ्यावर लोंबणारें तें चिन्ह. मेजर कँडीनें मराठीला विरामचिन्हांची संवय लाविली, स्वल्पविराम दिला, अर्धविराम दिला. पण हें टिंब त्यालाहि मराठी षष्ठीच्या डोक्यावर ठेवावेंसें वाटलें नाहीं. तो इंग्रज होता. आम्ही मराठी आहोंत, म्हणून आम्हांला तें सुचलें!

वाचक म्हणतील, एका 'ज'साठीं एवढा आकांत कां? परके शब्द मराठींत कांहीं आज शिरलेले नाहींत. खरें आहे, आणि परक्या शब्दांसाठीं गळा काढणाऱ्यांत माझी गणना करूं नये. सावरकरांनीं भाषाशुद्धीची मोहीम काढली, माधवराव पटवर्धनांनीं १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' प्रसिद्ध केला. त्या वादांत मी आजहि निम्मा इकडे व निम्मा तिकडे आहें. मी ज्या गाडींत बसलों होतों तिचेंच नांव घ्या. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेली ती याच शिरूरवरून. दोन विलायती शब्दांचीं आद्याक्षरें लोकांनीं उचललीं, त्यांना स्त्रीलिंग दिलें, आणि तिला घरच्या सुनेसारखी कामाला लाविली : एस्टीचा थांबा, एस्टीची वाट, एस्टीचें तिकीट, एस्टींतल्या बायका. शब्द परका, प्रत्यय आपला. याला मी पचन म्हणतों. शिरूरकरांची पचनशक्ति तर माणसांनाहि पुरून उरली. येथें १८०९ सालीं वारलेला कर्नल वॉलेस हा त्यांनीं 'सत्पुरुष' करून टाकिला, आणि सुगीच्या दिवसांत त्याच्या थडग्यापुढें नव्या धान्याचा नैवेद्य ठेविला; सरकारी गॅझेटियरांत तशी नोंदच आहे. 'मामा'ज'मध्यें घडलें तें याच्या अगदीं उलट. शब्द आपला आणि प्रत्यय परका. येथें इंग्रजी मराठीच्या घरीं पाहुणी आली नाहीं. घरधनीणच इंग्रजीच्या ओसरीवर जाऊन बसली.

यावर एखादा जाणता वाचक मला कचेरींत नेऊन एक जुनें खरेदीखत माझ्यापुढें टाकील : 'मौजे अमुक, तालुके शिरूर, जिल्हे पुणे'. हा 'मौजे'मधला, 'किल्ले रायगड'मधला एकार म्हणजे फारशी इजाफत, तिकडची षष्ठीच कीं नाहीं? ती तुम्हांला चालते, मग बिचाऱ्या 'ज'नें काय घोडें मारलें? आक्षेप वजनदार आहे. फारशीनें आमच्या षष्ठींत हात घातला होता, हें मला कबूल आहे. पण तो हात कचेरीच्या उंबऱ्यापाशीं थांबला. गांवें, परगणे, किल्ले यांच्या नांवांना ती इजाफत चिकटली. चुलीपाशीं बसलेल्या आईला आणि ओटीवरच्या मामांना ती शिवली नाहीं. शिवाय तिच्यामागें राज्यकर्त्यांची लेखणी होती. मिसळीच्या मामांवर हा 'ज' कोणत्या सरकारनें लादला? व्यापारांतहि आमच्या पूर्वजांची रीत निराळी होती. मुंबईच्या एका जुन्या प्रकाशन-संस्थेचें नांव 'दामोदर सावळाराम आणि मंडळी' असें होतें. विलायती 'कंपनी'ची कल्पना त्यांनीं घेतली, पण तिला 'मंडळी' करून पाटावर बसविली.

आतां हा 'ज' नेमकें नेतो काय, तें पाहूं. आमची षष्ठी मालकाकडे पाहते तशी मालमत्तेकडेहि पाहते. मामांचा वाडा, मामांची विहीर, मामांचें शेत, मामांच्या गाई : प्रत्यय ऐकतांच पुढें काय येणार याची चाहूल लागते. 'पाटील' हा शब्द तर प्रत्ययापुढें अदबीनें वांकतो आणि 'पाटला' होतो. 'पाटील्स' हा ताठ उभा. परंतु माझें खरें दुःख याहून लहान वस्तूसाठीं आहे. 'मामाचा' आणि 'मामांचा' यांत एका अनुस्वाराचें अंतर आहे, आणि वडीलधाऱ्यांचा सगळा मान त्या अनुस्वारांत आहे. इंग्रजी प्रत्ययाला मामा आणि मामाचा गडी सारखेच. ती त्या भाषेची रीत आहे, तिला मी नांवें ठेवीत नाहीं. पण आमच्या मामांचा मान आम्हीच पुसून, वर ती पाटी विजेच्या दिव्यांनीं उजळावी, याला काय म्हणावें?

पाट्या निदान दिसतात तरी. न दिसणारें परचक्र आमच्या जिभेवर आहे, आणि याचा दाखला मला माझ्याच तोंडून मिळाला. न्हावऱ्यास एक म्हातारी गाडींत चढली व माझ्या शेजारीं बसली. पावसापाण्याचें बोलून झाल्यावर तिनें विचारलें, "पोरंबाळं काय?"

मी म्हणालों, "माझ्याकडे दोन मुली आहेत."

"कुनाच्या?" म्हातारीनें विचारलें.

तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तिला खरोखरीच प्रश्न पडला होता, आणि तो बरोबर होता. ज्याला मुली असतात तो मराठी माणूस म्हणतो, "मला दोन मुली आहेत." शिक्षणासाठीं कोणाच्या येऊन राहिल्या असतील तर "माझ्याकडे आहेत." पैसे माझ्याजवळ असतात, रान माझें असतें, शेजाऱ्याचा मागून आणलेला नांगर माझ्याकडे असतो, ताप मला असतो, आणि घराला चार दारें असतात. लेक, पैसा, जमीन, उसनी वस्तु व दुखणें यांच्याशीं माणसाचें नातें एकच नव्हे, हें या भाषेला ठाऊक आहे. इंग्रजींत या सर्वांचें काम एका क्रियापदानें भागतें. तें क्रियापद माझ्या डोक्यांत इतकें मुरलें होतें कीं, पोटच्या पोरी मीं उसन्या नांगराच्या रांगेंत उभ्या केल्या.

दुसरें उदाहरण याहून महाग पडणारें आहे. "त्यानें त्याच्या भावाची जमीन त्याच्या नांवावर करून घेतली." असलीं वाक्यें आतां सुशिक्षितांच्या पत्रांत सर्रास आढळतात. जमीन कोणाच्या भावाची? चढली कोणाच्या नांवावर? येथें दोन माणसें आहेत, तीन आहेत कीं चार, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां येणार नाहीं. मराठीनें यासाठींच 'आपण' हें सर्वनाम राखून ठेविलें आहे. दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'सारख्या ग्रंथांतून त्याचा ऊहापोह झाला आहे. "त्यानें आपल्या भावाची जमीन आपल्या नांवावर करून घेतली" म्हटलें कीं लबाड कोण व नागवला कोण, दोन्ही कळलें. इंग्रजींत प्रत्येक पुरुषाचें स्वामित्व निराळ्या शब्दानें दाखवितात, म्हणून आम्हीहि 'मी माझ्या', 'तूं तुझ्या', 'तो त्याच्या' असे पाढे म्हणूं लागलों. शिरूर-दौंडाकडे बांधावरून डोकीं फुटतात. तेथें वाटणीपत्रांत असें एक वाक्य पडलें, तर दोन पिढ्यांच्या वकिलांची सोय झाली म्हणून समजावें.

त्याच 'आपण'चा आणखी एक गुण आहे. या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. पारगांवचा माणूस पलीकडच्या तीरावरच्या सोयऱ्याला 'आपली भीमा' म्हणतो तेव्हां सोयऱ्याला जवळ ओढतो; 'आमची भीमा' म्हणाला कीं त्याला बाहेर ठेवतो. पाण्याच्या भांडणांत हा फरक किती मोठा असतो, हें या भागांत सांगावयास नको. इंग्रजी शाळेंतून आलेल्या मुलांना दोन्ही शब्द एकच वाटतात. तीं घरीं आपल्याच बापाला "आमचें घर" म्हणून सांगतात, आणि बाप तें कौतुकानें ऐकून घेतो.

केडगांव आलें कीं मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. विलायत व अमेरिका पाहिलेल्या, इंग्रजींत ग्रंथ लिहिलेल्या या विदुषीनें येथील मुक्ति मिशनमध्यें बसून मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचें भाषांतर केलें, आणि सामान्य बायकांना समजावी अशी सोपी मराठी त्यासाठीं योजिली. त्या १९२२ सालीं वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. धर्माचा प्रश्न येथें नाहीं. त्यांचें इंग्रजी आम्हां बहुतेकांपेक्षां पक्कें होतें, तरी मराठी बायकांशीं बोलतांना त्यांना साधी मराठीच हवीशी वाटली. ज्यांची इंग्रजी अर्धी कच्ची, त्यांनाच ती मराठींत मिसळण्याची घाई फार.

आणि हें सर्व शेतकऱ्यानें केलेलें नाहीं. म्हातारीची षष्ठी शाबूत होती. बिघडली होती माझी. मुलाला "हात धू" म्हणण्याऐवजीं "तुझे हात धू" म्हणणारे आम्हीच, जणूं काय तो शेजाऱ्याचेहि धुवील! भावंडें एका आईला 'आमची आई' म्हणत, तीं आतां प्रत्येकीं 'माझी मम्मी' म्हणतात, आणि तेंहि आमच्याच दिवाणखान्यांत.

दौंडास उतरलों तों स्टेशनच्या बाजूला एक पेंटर मालमोटारीच्या पाठीवर अक्षरें काढीत होता. त्याला विचारलें, "'मामा'ज मिसळ' या पाटीवर 'मामांची मिसळ' करून द्यायची तर काय घ्याल?" त्यानें बोटांवर हिशेब केला. एक अक्षर पुसायचें, एक काढायचें, रंग घरचाच.

"आणि वरचा अनुस्वार?"

"त्याचे काय पैसे घ्यायचे, साहेब," तो म्हणाला, आणि पुन्हां कुंचला उचलला.