जार भरतो कोण?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात एक वलीमा होता. मांडवात एका बाजूला माठ भरून ठेवले होते, दुसऱ्या बाजूला पाण्याचे जार. येणारा प्रत्येक मेहमान जारकडे वळत होता. माठाजवळ दोन-तीन म्हातारी माणसे तेवढी दिसत होती. एका बाईंनी तर मुलाच्या हातातला पेला काढून घेतला. म्हणाल्या, "नळाचं पाणी आहे ते, पिऊ नकोस."

आमच्या घरीही तेव्हा जारच येत होता, त्यामुळे आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. दोन आठवड्यांनी आमच्या चार वर्षांच्या नातीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले आणि रात्री दवाखान्यात सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "पाणी कोणतं पिता?" आम्ही ऐटीत सांगितले, "जारचं." ते म्हणाले, "जार भरतो कोण?" घरातल्या एकालाही उत्तर देता आले नाही.

नात बरी झाली, अलहम्दुलिल्लाह. ती जारमुळेच आजारी पडली असे आम्ही म्हणणार नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी जार देणाऱ्या मुलासोबत जाऊन पाहिले. पत्र्याची शेड, मागे बोअरवेल, पाणी थंड करायचे यंत्र आणि जमिनीवर लोळणारा रबरी पाइप. परत आलेले जार एकाच टबात बुचकळून पुन्हा भरले जात होते. जारवर ना परवाना क्रमांक, ना भरल्याची तारीख. घरी येऊन हिशेब केला. रोजचे तीस रुपये म्हणजे वर्षाचे १०,९५० रुपये. पाणी फक्त थंड होते, आणि आम्ही ते शुद्ध समजून पैसे मोजत होतो.

मग नळाचे पाणी डोळे मिटून प्यावे का? तसेही नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशात आयएस १०५०० हे मानक आहे. त्यानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडता कामा नये. शहराचे पाणी शुद्धीकरण केंद्रात तुरटीने निवळते, वाळूच्या थरातून गाळले जाते आणि त्यात क्लोरीन मिसळले जाते. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून येणारे पाणी याच वाटेने घरी पोहोचते. अडचण सुरू होते ती केंद्राबाहेर पडल्यावर. आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो, आणि शेजारून गटार जात असेल तर फुटक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. त्यापुढे इमारतीची टाकी, मग घरातला पिंप, मग त्यात बुडणारा आपला हात. स्वच्छ निघालेले पाणी बिघडते ते या प्रवासात.

पुण्याचा अनुभव ताजाच आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे अचानक हातापायातली ताकद जाण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढू लागले. राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. दूषित पाण्यावर संशय आला. विहिरीतून होणाऱ्या पुरवठ्याची तपासणी झालीच, पण महापालिकेने त्या भागातल्या खाजगी आरओ केंद्रांचे पाणीही तपासले. त्यातही दोष निघाले आणि अनेक केंद्रांना टाळे लागले. नळ सोडून जारकडे गेलेली माणसे सुरक्षित झाली होती, असे म्हणता येत नाही.

म्हणून पाणी विकतचे की फुकटचे हे न पाहता ते कोणत्या हातांतून आले ते पाहावे. प्रवासात सीलबंद बाटली घ्यायला हरकत नाही, पण झाकणाचे सील, भरल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहून घ्यावा. उन्हात ठेवलेल्या बाटल्या घेऊ नयेत. बिनसीलच्या थंड जारवर यातले काहीच नसेल, तर तो नळाच्या पाण्यापेक्षा चांगला समजायला आधार काय?

आता घरातले. नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी लादी पुसायला वापरा, पिण्याचे नंतर भरा. फडक्याने गाळल्यावर कचरा जातो, तुरटीने गाळ बसतो. जंतू या दोन्हींनी मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावे. खदखदून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. आमच्या अम्मी वीस मिनिटे उकळत, त्यात गॅसच जळत होता. उकळणे शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. भांडे झाकून ठेवावे; हदीसमध्येही ही ताकीद आहे. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, पेला बुडवू नये. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, हेही एकदा विचारावे.

आरओ यंत्र सगळ्यांनाच लागते असे नाही. ते पाण्यातले क्षार काढण्यासाठी आहे. खाऱ्या बोअरवेलच्या पाण्याला ते उपयोगी. धरणाच्या गोड पाण्याला त्याची सहसा गरज नसते, आणि ते बरेच पाणी वाया घालवते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, रस्त्यात पाइपलाइनची खोदाई झाल्यावर, किंवा गल्लीत काविळीचे रुग्ण निघाले तर पाणी उकळल्याशिवाय कोणालाच देऊ नका. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर जास्तच जपा. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

गावाकडच्या वाचकांनी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट करून दाखवायला सांगावे. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे. आपल्या गावाला पाण्याबद्दल हिरवे कार्ड मिळाले आहे, पिवळे की लाल, हेही विचारा. तो आपला हक्क आहे.

आमच्या घरी जार बंद होऊन वर्ष झाले. रात्री पाणी उकळतो, सकाळी माठात भरतो. माठ रोज आतून धुतो. नात स्वतः ओगराळे धरून पाणी काढते आणि झाकण ठेवायला विसरलो तर आम्हांलाच दटावते. तुमच्या घरच्या पुढच्या दावतीत जार ठेवायचेच असतील, तर मागवण्याआधी ते भरतात ती जागा एकदा पाहून या.