‘पुट अप’ : उभारणे, उतरणे आणि सोसणे



इंग्रजीतल्या साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ असे छोटे शेपूट जोडले की अर्थ पार बदलतो. या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. आपली मुले इथेच अडखळतात. पण घाबरण्याचे कारण नाही. मराठीत ‘लागणे’ एकच. तरी भूक लागते, आग लागते, ठेच लागते आणि नशिबाने नोकरीही लागते! आपण गोंधळत नाही, कारण हे सारे आपण वाक्यांतून शिकलो. इंग्रजीही तशीच शिकावी. आज ‘पुट अप’ पाहू.

१) उभारणे, लावणे : छावणी म्हणजे लष्कराचा तळ. तळ पडला की तंबू ठोकायचे : ‘दे पुट अप टेन्ट्स.’ आठवडी बाजारात व्यापारी पाल ठोकतात, तेही पुट अप. फलकावर नोटीस लागली : ‘द नोटीस वॉज पुट अप ऑन द बोर्ड.’ भूतकाळातही ‘पुट’च राहते, ‘पुटेड’ होत नाही.

२) वाढवणे : ‘द लँडलॉर्ड पुट अप द रेन्ट.’ घरमालकाने भाडे वाढवले.

३) मुक्कामाला ठेवून घेणे : ‘माय अंकल पुट अस अप फॉर टू डेज.’ मामांनी आम्हाला दोन दिवस ठेवून घेतले. मुलाखतीत ‘कुठे राहता?’ असे विचारले, की आपल्याकडे पुष्कळजण ‘आय अ‍ॅम पुटिंग अप अ‍ॅट छावणी’ म्हणतात. पण ‘पुट अप’ म्हणजे तात्पुरता मुक्काम. कायमचे घर असेल तर सरळ म्हणा, ‘आय लिव्ह इन छावणी.’

४) पुढे ठेवणे : सरकारी कचेरीत ‘फाईल पुट अप करा’ म्हणतात, म्हणजे साहेबांपुढे निर्णयासाठी ठेवा.

एक नियम लक्षात ठेवा. ‘इट’, ‘देम’, ‘अस’ ही सर्वनामे मध्ये येतात : ‘पुट इट अप’ बरोबर, ‘पुट अप इट’ चूक.

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘पुट अप’ला ‘विथ’ जोडले की अर्थ होतो सोसणे, निमूट सहन करणे. इथे मात्र सर्वनाम शेवटी येते. वसतिगृहात पाणी येत नाही, तुम्ही अर्ज लिहिता : ‘वी कॅनॉट पुट अप विथ धिस.’ आम्ही हे सहन करू शकत नाही. त्यातला ‘विथ’ गळला, तर वाचणाऱ्याला वाटेल, यांना काहीतरी उभारता येत नाही! एका शब्दापायी खरी तक्रार हास्यास्पद ठरते. आणि ‘पुट अप अ फाइट’ म्हणजे नेमके उलट : झुंज देणे. सोसणे आणि झुंजणे, दोन्हींत ‘पुट अप’ आहे. फरक पुढच्या शब्दाने पडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. छावणीजवळच्या नागसेनवनातले तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मिलिंद राजाने भिक्खू नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले, त्या संवादाची आठवण या दोन्ही नावांत आहे. प्रश्न विचारायचा तर भाषा हवी, आणि अर्ज करायचा तर ती नेमकी हवी. ज्या मुलाच्या घरात इंग्रजीची ही पहिलीच पिढी, त्याला हे शेजारीपाजारी ऐकून कळणार नाही. त्याने शब्दकोश उघडावा. ‘पुट अप’ हा ‘पुट’ शब्दाखालीच सापडतो, ‘अप’खाली नव्हे.

पालकांनो, आपल्याला इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. रोज संध्याकाळी मुलांकडून दोन वाक्ये मोठ्याने म्हणवून घ्या आणि अर्थ मराठीत सांगायला लावा.

स्वाध्याय : इंग्रजीत लिहा.
१) आम्ही मांडव घातला.
२) तिने पाहुण्यांना रात्रभर ठेवून घेतले.
३) हा अपमान मी सहन करणार नाही.

तिसऱ्या वाक्यात ‘विथ’ विसरू नका!