नटराजाच्या अंगणातील प्रश्न

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या प्रयोगशाळेच्या प्रांगणात नटराजाची मूर्ती उभी आहे. भारत सरकारने २००४ साली ती भेट दिली. आपल्याकडील कोणीही तेथे गेला की मूर्तीसमोर छायाचित्र काढून घेतो आणि त्याचा ऊर भरून येतो. हा अभिमान रास्तच आहे. पण त्याच परिसरातील ‘आयसोल्ड’ या केंद्रात काय चालते, याची चौकशी किती जण करतात?

अणुकेंद्रक म्हणजे गोल गोळी, असे आपण शाळेत शिकलो. वस्तुतः अनेक केंद्रके लांबट वा चपटी असतात. त्यांच्या रचनेची मीमांसा करणाऱ्या आगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना १९७५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही केंद्रके नासपतीसारखी, एकीकडे फुगीर व दुसरीकडे निमुळती असावीत, असाही तर्क होता. परंतु ती पडली अल्पायुषी. रेडॉन-२२० निम्मे होण्यास एक मिनिटही लागत नाही. म्हणून ‘आयसोल्ड’मध्ये युरेनियम कार्बाइडवर प्रोटॉनांचा मारा करून ती निर्माण करतात, तत्काळ वेगळी काढतात आणि त्यांची शलाका प्रकाशाच्या सुमारे आठ टक्के वेगाने धातूच्या पातळ पत्र्यावर सोडतात. पत्र्यातील केंद्रकांजवळून जाताना विद्युत्‌बलाने ती उद्दीपित होतात व गॅमा किरण उत्सर्जित करतात. त्या किरणांवरून आकार ताडायचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने रेडियम-२२४ चे केंद्रक नासपतीच्या आकाराचे असल्याचे दाखवून दिले. रेडॉन-२२० मात्र त्या आकारात स्थिरावत नाही, नुसते आंदोलत राहते.

याचा उपयोग काय, असे व्यवहारी मन विचारील. विश्वात द्रव्य उरले, प्रतिद्रव्य जवळजवळ नाहीसे झाले, ते का? या कोड्याचा माग नासपतीसारख्या केंद्रकांत अधिक सहज लागेल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. सृष्टी कोठून आली, हा प्रश्न ऋग्वेदातील ऋषींनीही विचारला होता. उत्तर ठाऊक असल्याचा दावा मात्र त्यांनी केला नाही. आपण कणादांचे नाव घेऊन ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे व्यासपीठावरून सांगतो आणि टाळ्या मिळवतो. पूर्वजांचा खरा वारसा प्रश्न विचारण्यात आहे, टाळ्यांत नाही.

आपले शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहीत. गॅमा किरण टिपणारा राष्ट्रीय शोधकसंच मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने नेऊन ते काम करतात. संघटित, काटकसरी पुरुषार्थाचे याहून चांगले उदाहरण कोणते? कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्राने किरणोत्सारी शलाका सिद्ध केल्या आणि राजारहाटसाठी ‘अनुरिब’ हा मोठा प्रकल्प आखला. जर्मनीतील ‘फेअर’ प्रकल्पात २०१० पासून आपण संस्थापक भागीदार आहोत; २०१७ साली ‘सर्न’चे सहयोगी सदस्यही झालो. परंतु दुसऱ्याच्या यंत्रावर मिळालेली वेळ ही अखेर पाहुण्याची वेळ असते. यजमान व्हायचे तर सरकारने दशकानुदशके, फळाची घाई न करता, निधी पुरवला पाहिजे.

आणि समाजाने? आपल्या घरातील हुशार मुलगी भौतिकशास्त्र घेते म्हणाली की आपणच आधी ‘पुढे नोकरीचे काय?’ असे विचारतो. राष्ट्राचे वैभव घोषणांनी येत नाही. ते अशा एखाद्या मुलीच्या वीस वर्षांच्या अबोल साधनेतून येते. तिला अडवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.